तिजोरी एक, किल्ल्या दोन : वाचकांचे प्रश्न

घरात ठेवायची तिजोरी, परवान्याचे हत्यार आणि दागदागिने यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मला नुकताच .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. बेडरूममधल्या लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये पत्नीचे दागिने असतात. रिव्हॉल्व्हर तिथेच ठेवले तर चालेल का? – एक वाचक, पुणे

नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. दागिन्यांच्या लॉकरची किल्ली पत्नीकडे असणार, सणासुदीला सुनेकडे जाणार, कधी आईच्या उशाखाली राहणार, आणि ते तसेच असायला हवे. पण त्याच किल्लीने रिव्हॉल्व्हर हाती लागत असेल, तर परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात तुम्ही हत्यार दिल्यासारखे होते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना मागतानाच हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते, हे विसरू नका.

शिवाय कपाटाचा पत्रा साधारण २० ते २२ गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा असतो. आतला लॉकरही त्याच पत्र्याचा. पहारीपुढे तो काही मिनिटेसुद्धा टिकत नाही. घरातल्या लहान मुलांपासून आडोसा, एवढाच त्याचा उपयोग.

दोन छोट्या तिजोऱ्या घ्या, किंवा आत स्वतंत्र कुलपाचा कप्पा असलेली एक मोठी घ्या. त्या कप्प्याची किल्ली फक्त तुमच्याजवळ. काडतुसे रिव्हॉल्व्हरजवळ ठेवू नका, ती दुसऱ्या कुलपात हवीत. आत ठेवण्याआधी रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरची, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या नळकांड्याची, सहाही घरे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. दिवा नसताना नुसती नजर फसते.

विकत घेताना दुकानदाराच्या ‘चार एमएम बॉडी’वर जाऊ नका, वजन विचारा. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचे वजन जवळपास ८ किलो भरते. ३५ × २५ × २५ सेंटिमीटरच्या पेटीचा सहाही बाजूंचा पत्रा पाऊण मीटर लांब आणि ६३ सेंटिमीटर रुंद तुकड्याएवढा, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडा कमी. तो खरोखर ४ मिलिमीटरचा असेल तर नुसती पेटीच १५ किलोच्या आसपास जायला हवी. वजनकाट्यावर ८ किलो दिसले तर पत्रा २ मिलिमीटरचा आहे. दरवाजा जाड दिसतो तोही पुष्कळदा दुमडलेल्या पत्र्याचा, आतून पोकळ. कडेला बोटाच्या पेराने वाजवून पाहा. तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हा भारतीय मानक आहे. बिलावर आणि दरवाजाच्या पट्टीवर तो आहे का ते बघा.

प्रश्न : ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. तिजोरी भिंतीत बसवू की जमिनीला? सुतार म्हणतो, भिंतीला चार स्क्रू पुरे. – एक वाचक, ठाणे

सुताराचे ऐकू नका. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बहुधा १०० मिलिमीटरच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा फास्टनर, म्हणजे भोकात फुलून बसणारा बोल्ट, आवळला की भोकाचा भुगा होतो आणि बोल्ट हाताने बाहेर येतो. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट, घालता येतो, पण दोन माणसांनी पहार घातली तर तोही भरवशाचा नाही. कॉलम आणि बीमला भोक पाडायचेच नाही. राहिली जमीन, आणि तीच उत्तम.

मात्र फरशी म्हणजे स्लॅब नव्हे, ही चूक सर्रास होते. वर ८ ते १० मिलिमीटरची टाइल, तिच्याखाली ४० ते ५० मिलिमीटरचा वाळू-सिमेंटचा माल, आणि त्याखाली खरा काँक्रीटचा स्लॅब. ६० मिलिमीटरचा बोल्ट मारला तर तो नुसता मालात अडकतो. तिजोरी हलवली की टाइलसकट उखडून येते. स्लॅबमध्ये किमान ५० मिलिमीटर पकड हवी, म्हणजे भोक वरून साधारण ११० मिलिमीटर आणि बोल्ट एम-१० (१० मिलिमीटर जाडीचा), लांबी १२० मिलिमीटर. त्याहून खोल जाऊ नका. स्लॅब १२५ मिलिमीटरचा असेल तर खाली शेजाऱ्याचे छत आहे.

टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोक्यांची सोय, बंद ठेवा आणि काचेला भोक पाडायचा बिट वापरा, नाहीतर टाइल ताऱ्यासारखी तडकते. टाइल पार झाली की काँक्रीटचा बिट आणि हॅमर. बिटचा व्यास फास्टनरच्या पाकिटावर लिहिलेला असेल तोच घ्या. ‘जरा मोठे’ भोक म्हणजे गेलेले भोक. मध्येच बिट गुळगुळीत कशावर तरी अडला तर ती सळई आहे. ती कापू नका, भोक तीन-चार सेंटिमीटर सरकवा. शेवटी भोकातली धूळ फुंकणीने पूर्ण काढा. धूळ राहिली की फास्टनर फुलतो, पण पकडत नाही.

स्लॅबमधून वायरिंगचे पाइप गेलेले असतात, म्हणून पंख्याच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ रेषेत जागा निवडू नका. बाथरूमशेजारचा खाली दाबलेला स्लॅब तर अजिबात नको: तिथे विटांचा कोबा भरलेला असतो, बोल्टला धरायला काही नाही, आणि वॉटरप्रूफिंग फुटले की सोसायटीशी भांडण वेगळे.

वॉर्डरोबच्या आत बसवायची असेल तर तळाची प्लाय कापून तिजोरी थेट फरशीवर टेकवा. प्लायच्या खाली तीन-चार इंच पोकळी असते. तिथून घातलेला बोल्ट अधांतरी राहतो. चारही बोल्ट तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने आवळा. चाळीस किलोची तिजोरी दोन माणसे सहज उचलून नेतात, त्यामुळे वजनावर विसंबू नका.

प्रश्न : डिजिटल, बोटाच्या ठशाची की साध्या किल्लीची? – एक वाचक, नाशिक

हत्यारासाठी आमचा कल दुधारी, म्हणजे दोन्ही बाजूंना दाते असलेल्या, लिव्हर किल्लीकडे. बॅटरी संपत नाही, दमट हवेत सर्किट गंजत नाही. मात्र किल्लीची नक्कल कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे करू नका.

डिजिटल घ्यायचीच असेल तर एक गोष्ट विचारा : आतला खटका सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा) की मोटरचा? स्वस्त सोलेनॉइडचा खटका धक्क्याने जागचा हलू शकतो, मोटरचा हलत नाही. घरी आणल्याआणल्या कारखान्याचा कोड बदला. चारही पेन्सिल सेल अल्कलाइन घ्या आणि वर्षातून एकदा बदला. साधे सेल पावसाळ्यात पाझरतात आणि पट्ट्या हिरव्या होतात. आणि हो, आणीबाणीची किल्ली तिजोरीच्या आत ठेवणारे लोक आजही आहेत.

ठशाच्या कुलपात दोन्ही हातांची दोन-दोन बोटे नोंदवा. शेतात काम करणाऱ्यांचे आणि वयस्करांचे ठसे झिजलेले असतात, ओले बोट तर कुलूप ओळखतच नाही.

प्रश्न : ‘फायरप्रूफ’ तिजोरी घेतली. एका पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरवर तांबूस ठिपके आले. असे का? – एक वाचक, रत्नागिरी

आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीच्या भिंतीत पाणी धरून ठेवणारे मिश्रण भरलेले असते. आग लागली की त्यातली वाफ सुटते आणि आतले कागद करपत नाहीत. पण तीच ओल एरवीही थोडीथोडी आत झिरपत राहते. त्यात कोकणातली हवा. म्हणजे ही तिजोरी खरेदीखत आणि विमापत्रांसाठी चांगली, लोखंडासाठी वाईट.

रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत असाल तर आधी ते बंद करा. चामडे ओल शोषते आणि त्यात काडतुसे असतील तर त्यांच्या पितळेवर हिरवा थर चढवते. हत्यार कोरड्या सुती फडक्याने पुसा, तेलाचा बोटाला लागेल न लागेल इतका पातळ हात द्या. मध्यम तिजोरीत २५० ते ५०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पुरते. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतात. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा.

त्याच तिजोरीत मोत्यांची नथ किंवा तन्मणी असेल तर मात्र थांबा. फार कोरड्या हवेत मोती निस्तेज होतात, तडकतातही. ते मऊ सुती कापडात, जेलपासून दूर, दुसऱ्या कप्प्यात हवेत. चांदीच्या भांड्यांना रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने जिथे रबर टेकला तिथे काळी रेघ उमटते.

प्रश्न : गणपतीला गावी जातो तेव्हा रिव्हॉल्व्हर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

नाही. लॉकरच्या करारातच शस्त्रे, स्फोटके आणि रोख रक्कम ठेवायला मनाई आहे. दागिने जरूर ठेवा. बँकेच्या निष्काळजीपणाने ते गेले तर भरपाई वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच, हेही ध्यानात असू द्या. रिव्हॉल्व्हर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवा आणि पावती घ्या.

प्रश्न : वडील वारले. तिजोरीत त्यांचे रिव्हॉल्व्हर आहे, किल्ली सापडत नाही. – एक वाचक, सांगली

स्वतः कुलूप फोडून हत्यार हाताळू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार परवानाधारकाच्या पश्चात हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मृत्यूचा दाखला आणि परवाना घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, ‘किल्ली सापडत नाही’ हे त्यात लिहा आणि तिजोरी पोलिसांसमोर उघडण्याची विनंती करा. तिजोरी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस अनुक्रमांकावरून कुलूप उघडू शकतो. तो आकडा दरवाजाच्या आतल्या पट्टीवर असेल तर दिसणार नाही, म्हणून जुने बिल शोधा. पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, आणि ती परवान्यावरच्या खरेदीच्या नोंदींशी तिथेच ताडून पाहा.