पगार वाढवून मागितला तर ऑफर जाईल का?

"मॅडम, ऑफर आलीये, जरा कमी वाटतेय, पण मी मागितलं आणि त्यांनी ऑफरच कॅन्सल केली तर?" आयटीतली दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा घरची भांडणं, लग्नाचा विषय, झोप लागत नाही असं काय काय सांगून झालं की शेवटी हा प्रश्न हमखास निघतो. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी हेच विचारलंय. म्हणून एका मुलीची केस लिहितेय, तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची, वडील एसटीत मेकॅनिक. इंजिनिअरिंग २०२३ मध्ये झालं, पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत लागली, सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला तिच्यावर करणार तो सगळा खर्च, सव्वाचार लाख, महिन्याला हातात साधारण साडेएकोणतीस हजार. दोन वर्षं एकाच क्लायंटच्या प्रोजेक्टवर जावामध्ये बॅकएंडचं काम, काम चांगलं, पण पगारवाढ म्हणजे नुसता देखावा. मग तिने रात्री जागून तयारी केली, खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीचे चार राउंड दिले आणि ऑफर आली ९ लाखांची, उत्तर द्यायला पाच दिवस.

आता इथे खरं तर पेढे वाटायचे. पण ही बाई माझ्यासमोर बसली ती रडवेली होऊन. बंगळूरचा मामा म्हणतोय आजकाल एवढ्या एक्सपिरियन्सला १४ मिळतात, तू ९ वर हो म्हणालीस तर मूर्ख. घरून पप्पा म्हणतायत दुप्पट देतायत की, मिळतंय ते गोड मानून घे, जास्त हाव बरी नाही. रूममेटने सांगितलं की तिच्या ऑफिसमधल्या कुणाच्या तरी मैत्रिणीने मागितलं आणि एचआरने ऑफर मागे घेतली. ही "कुणाच्या तरी मैत्रिणीची" गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीये की ती मैत्रीण मला एकदा भेटायचीच आहे.

मी तिला सरळ विचारलं, समजा ते नाही म्हणाले, तर पुढे काय? म्हणाली, मग ९ च राहतील. आणि ऑफर काढूनच घेतली तर? मग आहे ती नोकरी आहेच, राजीनामा कुठे दिलाय. म्हणजे उत्तरं तिला माहीत होती, तरी हात थरथरत होते. असं दिसलं की मी पगाराचा विषय जरा बाजूला ठेवते, कारण मग भीती त्या एचआरची नसते, तिचा पत्ता दुसराच असतो. मी म्हटलं, तुमच्या घरात याआधी कुणी पगार वाढवून मागितलाय का गं?

आणि मग ते निघालं. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, महामंडळ राज्य सरकारात विलीन करा ही मागणी, आणि तो पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ही तेव्हा इंजिनिअरिंगला. वडील संपात, पगार बंद, निलंबनाच्या याद्या रोज व्हॉट्सॲपवर फिरतायत, आई शेजारच्या दुकानदाराची उधारी वाढवत नेतेय, हिच्या फीसाठी आजीची पोत गहाण. मधे पगारवाढ जाहीर झाली पण विलीनीकरण काही झालं नाही, आणि वडील परत कामावर गेले तेव्हा घरात त्या विषयावर कुणी एक शब्द बोललं नाही. तर या मुलीच्या डोक्यात "मागणं" याचा अर्थ तिथे पक्का बसलाय, मागितलं की आहे तेही जातं. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं, तिने घरात बघितलं होतं. नोकरदार घरांत हे मी खूप बघते, शिक्षक, तलाठी, बँक, एसटी, जिथे पगार म्हणजे श्रेणी आणि महागाई भत्ता, मागायचं तर युनियनने मागायचं, एकट्याने साहेबासमोर जाऊन "मला एवढे द्या" हे घरात कुणी केलेलंच नसतं. मग पोरगी चोवीस वर्षांची झाली तरी एचआरला फोन करताना तिला आपण उद्धटपणा करतोय असं वाटतं.

थोडा वेळ गप्प बसली. मग स्वतःच म्हणाली, "पण मॅडम, माझा पगार तर चालूच आहे ना. पप्पांचा बंद झाला होता." मी काहीच बोलले नाही, हे तिचं तिला सापडणं गरजेचं होतं.

त्यानंतर आम्ही ऑफर लेटर उघडलं. तिने मेलमधला आकडा पाहिला होता, खालचं टेबल नीट पाहिलंच नव्हतं. ९ भागिले १२ म्हणजे ७५ हजार, या हिशोबाने तिने विमाननगरला फ्लॅट बघायलाही सुरुवात केलेली. आता टेबल असं होतं. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स मिळून महिन्याला ६१ हजार, म्हणजे वर्षाचे ७ लाख ३२ हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिन्याला १८००, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण १७,६००, आणि ही कायमच्या नोकरीत साधारण ५ वर्षं भरल्याशिवाय हातात येत नाही, पण सीटीसीत दरवर्षी मिरवते. इन्शुरन्सचा हप्ता ८,८००. व्हेरिएबल ७० हजार, तेही कंपनीच्या आणि तिच्या कामगिरीवर. आणि जॉइनिंग बोनस ५० हजार, एकदाच, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. सगळं मिळून झाले ९ लाख. हातात येणार ६१ हजारातून तिचा स्वतःचा पीएफ १८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० वजा जाता ५९ हजार. इन्कम टॅक्स नाही, कारण २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तो लागतच नाही, तेवढं एक बरं.

तिने मोबाईलवर हा कागद वडिलांना पाठवला तर त्यांचा पहिला प्रश्न, "बेसिक किती?" हसू आलं मला, पण त्या घरात सगळ्यात बरोबर प्रश्न त्यांनीच विचारला होता. मामाला फक्त वरचा आकडा दिसत होता.

मग दुसरी गोष्ट निघाली. जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आणि नवीन कंपनीला ती ४५ दिवसांत हवी. उरलेल्या ४५ दिवसांचा बायआउट, म्हणजे नोटीस पूर्ण न करता सुटायचे पैसे, तिनेच भरायचा, तिच्या कंपनीत तो ग्रॉसवर, म्हणजे कापाकापीच्या आधीच्या पगारावर धरतात, साधारण ४७ हजार. म्हणजे जॉइनिंग बोनस येणार आणि जवळपास जसाच्या तसा जुन्या कंपनीच्या घशात जाणार, वर तो वर्षभर डोक्यावर टांगलेला! हे कळल्यावर तिची भीती एकदम रागात बदलली, आणि राग आला की माणूस जरा ताठ बसतो, मला ते आवडलं.

मी काही एचआर नाही, मार्केट रेट मला विचारू नका. तो तिनेच काढला, त्याच कंपनीत काम करणाऱ्या कॉलेजच्या सीनियरला विचारून, त्याच लेव्हलला फिक्स्ड, म्हणजे दर महिन्याला नक्की मिळणारा पगार, वर्षाला किती देतात. सात लाखांपासून सव्वाआठपर्यंत असं उत्तर आलं. म्हणजे मामाचे १४ या लेव्हलला नव्हतेच, आणि पप्पांची "हाव" पण नव्हती. कंपनीनेच ठरवलेल्या पट्ट्यात ती खालच्या बाजूला होती, एवढंच.

मग आम्ही फोनची प्रॅक्टिस केली, मी एचआर झाले. पहिल्या वेळी तिने एका वाक्यात तीनदा सॉरी म्हटलं. दुसऱ्या वेळी खोलीचं भाडं, भावाची फी, सगळं सांगत सुटली. मी म्हटलं थांब, तुझी गरज ऐकून पगार ठरत नाही, त्यांना तुझं काम ऐकव. शेवटी जे जमलं ते साधारण असं: ऑफरबद्दल आभार, मला इथे यायचंय. पेमेंट मॉड्यूलचं काम मी दोन वर्षं केलंय आणि तुमच्या टीमला तेच हवंय, त्या हिशोबाने फिक्स्ड ८ लाखांपर्यंत नेता येईल का? आणि ४५ दिवसांत यायचं असेल तर बायआउट कंपनी भरेल का, नाहीतर मला पूर्ण नोटीस सर्व्ह करू द्याल का? एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच तिला सगळ्यात जड गेलं, समोरून दोन सेकंद आवाज आला नाही की लगेच "म्हणजे नाही जमलं तरी चालेल" असं तोंडातून निघायचं. नंतर हेच इंग्रजीत चार ओळींच्या मेलमध्ये टाकलं.

एक प्रश्न तिने खालच्या आवाजात विचारला, दुसऱ्या कंपनीची ११ ची ऑफर आहे असं सांगू का? नाही. एचआर त्या ऑफरची कॉपी मागतात आणि मग तोंडघशी पडायला होतं. सध्याचा पगार फुगवून सांगण्याचंही तसंच, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट सगळं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला जातं आणि पीएफचा यूएएन नंबर सगळ्या नोकऱ्यांना एकच असतो, त्यात कुठे किती महिने होतात ते दिसतं. ऑफर खरंच जाते ती बऱ्याचदा अशा खोटेपणाने, किंवा कंपनीचं हायरिंगच थांबलं म्हणून. मागे घेतलेल्या ऑफर मी बघितल्यात, नाही असं नाही, पण नीट शब्दांत एकदा विचारलं म्हणून गेलेली ऑफर माझ्याकडे अजून तरी कुणी आणलेली नाही. आणि तरीही नियम एकच, नवीन सुधारलेलं लेटर सहीसकट हातात येईपर्यंत जुन्या कंपनीत राजीनामा टाकायचा नाही, फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी.

मेल गेला आणि तिकडून शांतता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मला मेसेज, "मॅडम परत मेल करून सांगू का की आहे तेच चालेल?" अजिबात नाही, म्हटलं. एचआरला वर विचारावं लागतं, फायनान्सची मंजुरी लागते, त्यात शनिवार-रविवार आला. सोमवारी फोन आला. ८ लाख जमणार नाहीत, पण महिन्याचं फिक्स्ड ६१ वरून ६५ हजार करतो, बायआउट पावतीवर कंपनी देईल, जॉइनिंग बोनस मात्र काढतो. बायआउटलाही वर्षभराची अट लागलीच, ती सुटली नाही.

आता गंमत बघा. नवीन लेटरमध्ये वर लिहिलेला आकडा जवळजवळ तोच, ९ लाख. मामा म्हणाला, "काय वाढलं मग? डोंबल!" हातात ५९ ऐवजी ६३ हजार, ते दर महिन्याला, पुढची टक्केवारीची वाढ त्यावर धरणार, आणि खिशातून जाणारे ४७ हजार वाचले. वडिलांना हे दोन मिनिटांत समजलं, बेसिक वाढलं ना मग झालं म्हणाले.

ज्यांची कॅम्पसमधून पहिलीच ऑफर आहे त्यांना मात्र मी हे सगळं करा असं सांगत नाही. तिथे अख्ख्या बॅचला एकच पॅकेज असतं, एकट्याने मागून काही होत नाही. तिथे विचारायचं ते जॉइनिंगची तारीख, लोकेशन आणि बाँड, म्हणजे इतकी वर्षं सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरीन हा करार. बाँडला "कोर्टात काही टिकत नाही" म्हणून उडवून लावू नका, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये ३ वर्षं नोकरी किंवा २ लाख भरा ही अट योग्य ठरवलीये. प्रत्येक बाँड असाच टिकेल असं नाही, रक्कम वाजवी आहे का, ट्रेनिंगवर खरंच खर्च झालाय का हे बघितलं जातं, पण सही करण्याआधी वाचा. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका.

आणि "उद्या संध्याकाळपर्यंत सही करा नाहीतर ऑफर संपली" असा फोन आला असेल तर आधी फक्त वेळ मागा, दोन-तीन दिवस, लेटर घरी नीट वाचायचंय एवढंच कारण पुरतं. बऱ्याच ठिकाणी तो मिळतो. नाहीच म्हणाले तर त्या रात्री निदान ते टेबल उघडून महिन्याला हातात किती येणार तो आकडा काढा आणि मगच सही करा.