जहाज दिवसभर थांबणार, पायी किती बघून होईल?

क्रूझबद्दल आलेले या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच मुद्द्यावर होते. जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी निघतं, मग मधल्या वेळात जहाजाची टूर न घेता आपलं आपण पायी फिरलं तर जमतं का? माझं उत्तर जमतं असंच आहे, आणि बऱ्याच बंदरांत तेच जास्त चांगलं असतं. पण काही ठिकाणी अजिबात करू नये, म्हणून एकेक प्रश्न घेते.

प्रश्न: आम्ही दोघं साठीच्या पुढचे, पहिल्यांदाच क्रूझला निघालोय, भूमध्य समुद्रातली सात दिवसांची आहे. प्रत्येक ठिकाणी टूर घेतली तर खर्च फार होतो आणि अर्धा दिवस बसमध्येच जातो असं ऐकलंय. पण स्वतः फिरायला गेलो आणि जहाज निघून गेलं तर, या भीतीने हे नकोच म्हणतायत. काय करावं?

ताई, त्यांची भीती रास्त आहे आणि थोडी राहू द्या, कारण जहाज खरंच थांबत नाही. जहाजाने स्वतः विकलेल्या टूरची बस अडकली तर ते थांबतं नाहीतर त्या लोकांना पुढच्या बंदरात पोचवायची सोय करतं, स्वतःहून फिरणाऱ्यांसाठी ते होत नाही. टूरच्या पैशात तुम्ही खरं तर ही हमी विकत घेता. ती कुठे लागते आणि कुठे लागत नाही एवढं कळलं की निम्मा प्रश्न सुटतो, शहर धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर असेल तर कशाला पाहिजे हमी?

दिवस नेहमी उलटा मोजायचा. समजा जहाज सहाला निघणार, तर ऑल अबोर्डची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असायची, वेळ साधारण अर्धा तास आधीची, काही ठिकाणी तासभर आधीचीही असते, ती आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात नाहीतर जहाजाच्या ॲपवर दिलेली असते. म्हणजे साडेपाच. मी त्याच्याही तासभर आधी धक्क्यावर असायचं ठरवते, म्हणजे साडेचार, आणि गाव अर्ध्या तासावर असेल तर चार वाजले की कुठेही असलो तरी पाठ फिरवायची, समोर कितीही सुंदर काही दिसत असलं तरी. सकाळी उतरल्यावर सगळ्यात लांबची जागा आधी गाठा आणि मग बघत बघत जहाजाच्या दिशेने या. बहुतेक जण उलटं करतात, धक्क्याजवळच्या दुकानांत दोन तास घालवतात आणि लांबच्या किल्ल्यावर दुपारी उन्हात धावत जातात, मग परत येताना जीव टांगणीला.

आणि घड्याळ. हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. एका बेटावर उतरले होते, तिथली स्थानिक वेळ जहाजाच्या वेळेपेक्षा एक तास मागे होती, जहाजाने आपली वेळ बदलली नव्हती आणि माझ्या फोनने किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडल्याबरोबर गुपचूप बदलली. फोनमध्ये चार वाजून पाच मिनिटं झालेली, मी निवांत एका पायरीवर बसून बोटी बघत होते आणि शेजारून जहाजाचं कार्ड गळ्यात घातलेलं एक जोडपं अक्षरशः पळत गेलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. धक्क्याच्या शेवटच्या वळणावर पोचले तर गँगवेपाशी, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलापाशी, दोन माणसं हातमोजे चढवून दोर सोडायला उभी होती, तिसरा माझ्याकडे बघून हाताने चला चला करत होता, त्याच्या पाठीमागे येताजाता कार्ड तपासणाऱ्या स्कॅनरचा हिरवा दिवा अजून चालू होता. तो हिरवा दिवा मी विसरणार नाही. तेव्हापासून मी साधं हातावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावते आणि उतरताना गँगवेपाशी परतायच्या वेळेचा जो बोर्ड असतो त्याचा फोटो काढते. तुम्हीही दोघांनी हातावरचं घड्याळ लावा, एकाने नाही, दोघांनी.

प्रश्न: कुठल्या बंदरात पायी फिरता येतं आणि कुठे नाही, हे आधी कसं ओळखायचं? माहितीपत्रकात तर सगळीकडे मोठ्या शहरांची नावं असतात.

त्या नावांवर जाऊ नका. रोम लिहिलेलं असतं तेव्हा जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर, ट्रेनने साधारण तासभर. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, पॅरिस म्हणजे बहुतेक वेळा ल आव्र, म्हणजे जवळपास २०० किलोमीटर, आणि बर्लिन लिहिलं असेल तर वार्नेम्युंडे, तिथून बर्लिन एका बाजूने तीन तास. अशा ठिकाणी मोठं शहर बघायचंच असेल तर जहाजाची टूर घ्या, इथे ती हमी खरंच उपयोगी पडते. नाहीतर ते बंदराचं गावच फिरा, वार्नेम्युंडेला दीपगृह आहे, लांबच लांब वाळूचा किनारा आहे आणि सगळं धक्क्यापासून चालत. मला विचाराल तर सहा तास प्रवास करून बर्लिन दोन-तीन तास बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. बुकिंगच्या कागदावर बंदराचं खरं नाव बघा, मग मॅपवर शहर नाही तर क्रूझ टर्मिनल शोधा आणि तिथून जुन्या गावापर्यंतचं चालायचं अंतर काढा. काही बंदरांत टर्मिनल एकाहून जास्त असतात, त्यामुळे जहाज नेमकं कुठे लागणार हेही बघून घ्या. लिव्होर्नोसारख्या मालाच्या बंदरात आतमध्ये चालायला परवानगीच नसते, क्रेन आणि कंटेनर फिरत असतात, तिथे गेटपर्यंत किंवा गावापर्यंत शटल बसनेच जावं लागतं आणि त्या बसची रांग येताजाता दोन्ही वेळा हिशोबात धरावी लागते. पिरेयस हे मधलं प्रकरण, अथेन्स तिथून दहाएक किलोमीटर, पण मेट्रो आहे, २०२२ मध्ये तिसरी लाईनसुद्धा पिरेयसपर्यंत आली, मोनास्तिराकीला उतरलं की ॲक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरचा प्राचीन किल्ला, डोक्यावरच दिसतं आणि पुढचं सगळं पायी.

आता ज्या बंदरांसाठी मी टूरकडे बघतही नाही त्यांच्यात पहिलं नाव माल्टाचं व्हॅलेटा. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं ते बघायला पहाटे उठून डेकवर जाच, दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडी भिंती इतक्या जवळ येतात की त्यांच्यातल्या खिडक्या मोजता येतात. जहाज शहराच्या बरोबर पायथ्याशी लागतं, धक्क्याच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की अप्पर बराक्का या बागेची लिफ्ट येते, २०१२ मध्ये बांधलेली, ५८ मीटर उंच, ती थेट बागेत नेऊन सोडते आणि खाली बघितलं तर आपलंच जहाज खेळण्यासारखं. त्याच बागेखालच्या तोफखान्यातून रोज बारा वाजता तोफ उडते, पाच-दहा मिनिटं आधी कठडा धरून उभं राहा. शहर १५६६ मध्ये वसवलं ते आधी आराखडा आखून, त्यामुळे रस्ते सरळ रेषेत, हरवायची सोयच नाही, कुठल्याही गल्लीच्या टोकाला समुद्र दिसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाचा सेंट एल्मो किल्ला किलोमीटरभरच, पण चढउतार आहेत, आणि सेंट जॉन्स कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराचं १६०८ सालचं प्रचंड मोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव, त्याच्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.

मॉन्टेनेग्रोचं कोटोरही तसंच, जहाज धक्क्याला लागलं तर जुन्या गावाचा दरवाजा रस्त्यापलीकडे. तटबंदीवरून किल्ल्यापर्यंत साधारण १३५० पायऱ्या आहेत, सकाळी उतरल्या उतरल्या चढायला लागा, नाहीतर चढूच नका आणि गावातल्या मांजरांबरोबर बसा. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकचं मात्र फसवं आहे, मोठी जहाजं ग्रूझ बंदरात लागतात, जुनं शहर तीन किलोमीटर आणि रस्ता गाड्यांचा, त्यात चालण्यासारखं काही नाही. जुन्या शहराच्या पिले दरवाज्यापर्यंत सिटी बसने जा, पाय आतल्यासाठी ठेवा.

प्रश्न: सासूबाईंना बरोबर नेतोय, गुडघे दुखतात, अर्धा किलोमीटर हळूहळू चालतात. त्यांनी जहाजावरच बसून राहायचं का?

नाही हो, त्यांना खाली उतरवाच, पण बंदर बघून. बुकिंगच्या आधी प्रत्येक बंदरासमोर टेंडर असं लिहिलंय का ते बघा. टेंडर म्हणजे जहाज समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीत हलत्या पाण्यावर पाऊल टाकून चढावं लागतं, समुद्र खवळलेला असेल तर व्हीलचेअर घेत नाहीत आणि कधी कधी तो थांबाच रद्द होतो. ग्रीसचं सँटोरिनी बेट तसंच आहे, बोट खाली सोडते आणि फिरा नावाचं गाव कड्यावर, वर जायला केबल कार नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. दुपारी परतताना केबल कारची रांग उन्हात तासाच्या वर जाऊ शकते, गुडघेदुखीच्या माणसाला तिथे उभं करू नका. गाढवांवर तर कुणीच बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्या पायऱ्यांवर दिवसभर माणसं वाहून त्या जनावरांचे काय हाल होतात ते बघवत नाही.

सासूबाईंसाठी धक्क्याला लागणारी बंदरं निवडा, आणि तिथेसुद्धा गावभर फिरवू नका. पाण्याकाठचा एक चौक शोधा, सावलीचा बाक शोधा, तुमच्यातलं एक जण त्यांच्याजवळ बसेल आणि एक जण आसपास फिरून येईल, मग बदली. व्हॅलेटाची लिफ्ट अशा लोकांसाठी वरदान आहे, पण धक्का ते लिफ्ट हे अंतर टॅक्सीने करा. बूट-चपलांचं सगळ्यांनाच सांगते, रबरी तळ हवा. डुब्रोव्हनिकचा स्ट्राडुन हा मुख्य रस्ता चुनखडीच्या लाद्यांचा, शतकानुशतकं पायांनी घासून आरशासारखा झालाय, त्यावर पावसाची एक सर आली की भलेभले घसरतात.

प्रश्न: आमच्याबरोबर अजून दोन जहाजं त्याच दिवशी त्याच बंदरात आहेत असं कळलं. गर्दीत काय दिसणार?

बऱ्याच बंदरांचं वेळापत्रक ऑनलाईन असतं, तारीख टाकून बघता येतं, हे तुम्ही आधीच बघितलंत ते फार चांगलं केलंत. गर्दीला ठरलेली लय असते. टूरच्या बसेस नऊ-दहाच्या सुमारास निघतात, मुख्य रस्ता अकरा ते दोन तुडुंब भरतो आणि तीननंतर सगळे जहाजाकडे वळतात. तुम्ही पहिल्या लोंढ्याच्या आधी उतरा, प्रसिद्ध जागा तेव्हाच बघून टाका, आणि अकरा वाजले की मुख्य रस्त्यावरून दोन गल्ल्या आत शिरा. खरंच दोनच. दोरीवरचे कपडे, दारात भाजी निवडणारी बाई, शाळेतून सुटलेली पोरं, गाव तिथे असतं. डुब्रोव्हनिकने तर गर्दीपायी २०१९ पासून जहाजांच्या संख्येवर मर्यादा घातली, कारण गावातल्या माणसांना स्वतःच्याच गल्लीतून जाता येईना. म्हणून घरांच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नका, खिडक्यांचे फोटो काढताना आत कुणी आहे का बघा.

प्रश्न: आणि जहाज खरोखर चुकलंच तर? पासपोर्ट तर केबिनच्या तिजोरीत असतो.

घाबरून टॅक्सीत बसायच्या आधी पोर्ट एजंटला फोन लावा. प्रत्येक बंदरात जहाज कंपनीचा एजंट असतो आणि त्याचा नंबर त्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो, तो कागद किंवा त्याचा फोटो जवळ हवाच. प्रवासी आले नाहीत हे जहाजाला कार्ड स्कॅनवरून कळतं आणि बऱ्याच वेळा केबिनमधले पासपोर्ट काढून एजंटकडे ठेवून जातात, पण त्याच्यावर विसंबू नका. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा, ते बंदर दुसऱ्या देशात असेल तर व्हिसाचा प्रश्नही तुमचाच. मी पासपोर्टची झेरॉक्स, फोनमध्ये फोटो, एक क्रेडिट कार्ड, रोजची औषधं दोन दिवसांची जास्त आणि ऑफलाईन मॅप एवढं अंगावर ठेवते. काही बंदरांत गेटवर फोटो ओळखपत्र मागतात आणि काही देशांत मूळ पासपोर्टच लागतो, ते आदल्या संध्याकाळी रिसेप्शनला विचारा.

प्रश्न: छोटासा प्रश्न आहे. जहाजावरच्या नाश्त्यातलं सफरचंद पिशवीत टाकून उतरलं तर चालतं का, मुलांना मध्येच भूक लागते.

नका नेऊ. ताजी फळं, मांस, दुधाचे पदार्थ बऱ्याच देशांत किनाऱ्यावर आणायला बंदी आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर फार कडक, एका सफरचंदाचाही दंड होतो आणि बंदरावर वास घेणारे कुत्रे असतात. कंपनीच्या पाकिटातली न उघडलेली बिस्किटं बहुतेक ठिकाणी चालतात, तरी तिथे विचारल्यावर आहेत म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. पाण्याची बाटली मात्र जहाजावरच भरून घ्या, प्रत्येकाची वेगळी.