साइझ बरोबर, तरी झिप उघडेना? नेटवाल्याला फोन करण्याआधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की ६ जीबीची झिप तीनदा उतरवली, साइझ तिन्ही वेळा बरोबर आली, पण उघडताना सीआरसी एरर (आतला डेटा मूळ फाइलशी जुळत नाही, अशी तक्रार) येते आणि तीही दर वेळी आतल्या वेगळ्याच फाइलवर. मग कोथरूडच्या केबलवाल्याशी भांडू नका. लिंक एचटीटीपीएस असेल (पत्ता https ने सुरू होतो), तर वाटेत एक बिट बदललं तरी तो तुकडा पुन्हा मागवला जातो किंवा कनेक्शन तुटतं, खराब डेटा फाइलमध्ये शिरत नाही. नेट वाईट असलं की फाइल अर्धवट राहते. गुरुवारी लाइट गेली की होतं ते हेच. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, झालं. पूर्ण साइझची फाइल आतून नासते ती बहुधा आपल्याच मशीनमध्ये.

सेव्हन-झिप हे झिप उघडायचं फुकट सॉफ्टवेअर टाका. फाइलवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून ‘एसएचए-२५६’ काढा आणि आलेला हॅश (फाइलवरून काढलेला लांब कोड, फाइल जराही बदलली की हाही बदलतो) नोटपॅडमध्ये ठेवा. मशीन रीस्टार्ट करून पुन्हा काढा. रीस्टार्ट टाळू नका, कारण विंडोज नुकतीच वाचलेली फाइल रॅममध्ये धरून ठेवतं आणि दुसऱ्यांदा तिथूनच वाचतं. फाइलला हात न लावता हॅश बदलला, तर फाइल सोडा, वाचणारं मशीनच चुकतंय. दोन्ही वेळा सारखाच, पण साइटवर दिलेल्याशी जुळत नसेल, तर फाइल डिस्कवर लिहितानाच गडबड झाली. साइटशीही जुळला आणि तरी झिप फुटत नसेल, तर रॅम किंवा प्रोसेसर. (इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर आधी बायोस (मदरबोर्डवरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, त्यांच्या व्होल्टेजच्या घोळावरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती, २०२४मध्ये आलाय.)

माझा पहिला संशय रॅमवर. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवायची सेटिंग) बंद करून बघा. बऱ्याच केसेस इथेच मिटतात. नाही मिटलं तर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून, मशीन त्यावरून सुरू करून रात्रभर चालवा. एक एरर आली तरी रॅम नापास, ‘एकच तर आहे’ चालत नाही. मग दर वेळी प्लग काढून रॅमची एकच स्टिक बसवा आणि एकेक करून त्याच स्लॉटमध्ये तपासा. सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसा, चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

रॅम पास झाली तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सी७’ची ओळ बघा, डिस्क आणि मदरबोर्डमध्ये डेटा जाताना झालेल्या चुका तिथे मोजल्या जातात. तो आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून टिपून ठेवा आणि मोठी फाइल कॉपी करा. वाढला तर साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) बदला. एनव्हीएमईला (थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) ही ओळ नसते.

रॅम नापास ठरली तर बिल शोधा, वॉरंटी बाकी असू शकते. तोवर या मशीनवरून फोटोंचा बॅकअप घेऊ नका, तोही असाच नासका उतरेल.