परिचर्येतून विकसनशील देशांच्या आरोग्य सहकार्याकडे : नागपूरच्या एका पालकांना उत्तर

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मानेवाड्याहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेगाने लोकसंख्या वाढणारे विकसनशील देश आरोग्याच्या कामात एकमेकांना कसे साहाय्य करतात, हे तिने महाविद्यालयातील एका व्याख्यानात ऐकले आणि तेव्हापासून याच क्षेत्रात नेतृत्व करायचे असे तिने मनाशी धरले आहे. नातेवाईक तिला जर्मनीला पाठवा म्हणतात, तर एक खासगी संस्था ‘जागतिक आरोग्य नेतृत्व’ नावाच्या एक वर्षाच्या पदविकेसाठी साडेचार लाख रुपये मागते आहे. हे क्षेत्र खरे आहे की नुसतेच मोठे शब्द आहेत, असे आपण विचारले आहे. क्षेत्र पूर्णपणे खरे आहे; पदविकेचे पैसे मात्र आज भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) भारतात एका स्त्रीमागे सरासरी जन्मांचे प्रमाण 2.0, तर महाराष्ट्रात 1.7 आहे. तरीही देशाची लोकसंख्या वाढतेच आहे, कारण मागील पिढ्यांत जन्मलेल्या मुली आज मोठ्या संख्येने आई होण्याच्या वयात आहेत. नायजेरिया, इथिओपिया, टांझानिया, काँगो या देशांत जन्मदरच अजून पुष्कळ जास्त असल्याने ही वाढ कित्येक पटींनी तीव्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2022 च्या अंदाजानुसार 2050 पर्यंतच्या जागतिक लोकसंख्यावाढीपैकी निम्म्याहून अधिक वाढ केवळ आठ देशांत होणार असून त्यांत हे चारही देश आणि भारत आहे. अशा ठिकाणी दहा वर्षांनी किती प्रसूती होतील, त्यासाठी किती परिचारिका आजच प्रशिक्षणाला घ्याव्या लागतील, आणि असलेला अपुरा पैसा मोठ्या रुग्णालयावर खर्च करावा की गावपातळीवरील सेविकेवर, हे ठरवणे आणि ठरलेले तडीस नेणे म्हणजे आरोग्यक्षेत्रातील नेतृत्व. आपल्या मुलीने डागा या सरकारी स्त्री रुग्णालयातील प्रात्यक्षिकांच्या काळात प्रसूतिकक्षावरचा ताण पाहिलाच असेल. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत तर मध्य प्रदेशातील छिंदवाडा-बालाघाटपासूनचे रुग्ण येतात. वाढत्या संख्येपुढे व्यवस्था कशी ताणली जाते, हे समजण्यासाठी तिला दूर जाण्याची आवश्यकता नाही.

सहकार्याचा भागही कागदी नाही. 1994 मध्ये कैरो येथे झालेल्या लोकसंख्या व विकास परिषदेच्या वेळी दहा विकसनशील देशांनी एकमेकांचे अनुभव वापरण्यासाठी एक आंतरशासकीय संघटना उभारली. तिचे मुख्यालय ढाक्यात आहे आणि भारतही पुढे तिचा सदस्य झाला. परंतु मुलीने त्याआधी आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीचे उदाहरण अभ्यासावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास गुदमरल्यास उपाय करणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे हे सगळे त्या घरच्या घरी करू लागल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या शोधनिबंधात नवजात बालमृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे दाखवले होते. पुढे भारत सरकारने घरच्या घरी नवजात शिशुसेवेचे हे काम आशा सेविकांवर सोपवले, आणि 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. विदर्भातल्या एका दुर्गम जिल्ह्यातील काम इतर गरीब देशांच्या उपयोगी पडले, कारण ते तशाच परिस्थितीत, तितक्याच कमी साधनांत सिद्ध झालेले होते. एक विकसनशील देश दुसऱ्याकडे मागतो ते हेच.

ही देवाणघेवाण एका दिशेची नसते. इथिओपियाने 2003 पासून गावोगावी तरुण आरोग्य विस्तार कार्यकर्त्या नेमल्या आणि त्यांना पहिल्यापासून सरकारी पगार दिला. आपल्या आशा सेविका आजही मानधन आणि कामानुसार मोबदल्यावर राबतात. याबाबतीत आपण इथिओपियाकडून शिकले पाहिजे, असे मला मनापासून वाटते; उद्या निर्णयाच्या जागी बसणाऱ्यांनी तर हे विसरताच कामा नये.

आता मार्ग. पदवीनंतर लगेच घेतलेल्या ‘नेतृत्वा’च्या प्रमाणपत्राला या क्षेत्रात फारसे वजन नसते, प्रत्यक्ष क्षेत्रकामाला असते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे तिने राष्ट्रीय आरोग्य अभियानात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून गावपातळीवरील आरोग्य उपकेंद्रावर काम करावे, ही माझी पहिली पसंती. नोकरी कंत्राटी आहे, हे खरे. आपल्याला स्थैर्य महत्त्वाचे वाटत असेल, तर अधिपरिचारिका पदाची भरती किंवा एम्ससाठीची ‘नॉरसेट’ परीक्षा तिने अवश्य द्यावी. मात्र रुग्णालयातील कक्षात एका वेळी एक रुग्ण दिसतो आणि उपकेंद्रावर पाच हजार लोकांची वस्ती दिसते. कोणत्या वाडी-टोल्यावरच्या गरोदर मातेची नोंद उशिरा होते, कोणते बाळ लसीकरणातून सुटते आणि का, हे नोंदवहीत आणि घराघरांत वाचण्याची सवय तिथेच लागते.

त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण. मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी 1956 मध्ये ती सुरू केली, तीच मुळी आशिया-पॅसिफिक भागातील देशांच्या लोकांना लोकसंख्याशास्त्र शिकवण्यासाठी. वर उल्लेखलेली राष्ट्रीय पाहणीही हीच संस्था करते. परदेशी विद्यार्थी तिथे शिकायला येतात, त्यामुळे आपल्या मुलीच्या मनातले सहकार्य तिला वर्गातच भेटेल. जवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावे. दोन्हीकडे आकडेवारी टाळता येत नाही. तिने संख्याशास्त्राची भीती असल्यास आतापासूनच घालवावी. आफ्रिकेतील अनेक देशांत कारभार फ्रेंचमध्ये चालत असल्याने ती भाषाही हळूहळू शिकायला हरकत नाही.

आपल्यापासून एक गोष्ट लपवणे योग्य नव्हे. आंतरराष्ट्रीय संस्थांतील पदे थोडी असतात, बहुतेक मुदतीच्या करारावरची असतात आणि कित्येक वर्षांचा अनुभव मागतात. मुलगी तिथे पोहोचेल तेव्हा तिशी ओलांडलेली असेल. त्याआधी जिल्हा आणि राज्य पातळीवरील कार्यक्रम व्यवस्थापनात चांगले काम मिळू शकते, आणि त्या कामाला मी कमी लेखत नाही. जर्मनीचा पर्याय आर्थिकदृष्ट्या अधिक सुरक्षित आहे. घरावर कर्ज असेल तर त्याचा विचार जरूर करा, पण तो वेगळा मार्ग आहे, हे मुलीला स्पष्ट सांगूनच.

तूर्त तिला एक काम द्यावे. पाचव्या पाहणीची जिल्हानिहाय माहितीपत्रके विनामूल्य उपलब्ध आहेत. नागपूर आणि गडचिरोली यांची पत्रके शेजारी ठेवून ज्या तीन बाबींत तिला सर्वाधिक तफावत दिसेल, त्यांची कारणे आणि त्यांवर स्वतः काय करता येईल, हे तिने दोन पानांत लिहून मला पाठवावे. ते वाचल्यावर उपकेंद्र आधी की प्रवेश परीक्षा आधी, याविषयी तिच्याशीच सविस्तर बोलेन.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक