ट्रिमरने कापलेला गोल सुरू झाला तिथेच का मिळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो: टीपॉयसाठी १८ मिमी प्लायचा ६०० मिमी व्यासाचा गोल कापायचा आहे, हातात साधा ट्रिमर आहे, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर (फिरत्या बिटाने लाकूड कोरणारं यंत्र), त्याला मध्याभोवती फिरवणारा जिग म्हणून प्लायची पट्टी आणि मध्ये दोन इंची खिळा. फेरी पूर्ण झाल्यावर सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत, साधारण एक मिमीची पायरी राहते. व्यास आडव्यात एक येतो आणि उभ्यात दुसरा, आणि कडेला काळे डागही पडतात. यावरून ट्रिमर बदलून मोठा प्लंज राउटर, म्हणजे चालू असताना बिट वरून खाली लाकडात दाबता येतं तसा, घ्यावा का, असं विचारलंय.

घेऊ नका. म्हणजे हौस असेल तर घ्या, पण हा दोष त्याने जाणार नाही. गोल किती अचूक येईल हे मध्यावरचा खिळा ठरवतो, आणि तुमच्या वर्णनातला तो खिळाच सगळ्यात कच्चा आहे.

आधी पायरी कशी पडते ते बघा. पट्टीतलं भोक खिळ्यापेक्षा थोडं मोठं असतं, कामाच्या प्लायमधलं भोकही हळूहळू मोठं होतं, आणि ठोकलेला खिळा सरळ उभा राहत नाही तो नाहीच. या दोन-तीन ढिलाया एकत्र झाल्या की पाऊण मिमी कुठेच गेला नाही. आता फेरी सुरू करताना तुम्ही टेबलाच्या या बाजूला उभे असता आणि ट्रिमर स्वतःपासून दूर ढकलत असता. फेरी संपताना दुसऱ्या बाजूने येऊन तोच ट्रिमर स्वतःकडे ओढता. जागा तीच, पण जोर उलट्या दिशेने. खिळा भोकाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकतो आणि पायरी तयार होते. 'पट्टी ताणून धरा म्हणजे झालं' असा सल्ला नेहमी मिळतो, पण ताण फेरीभर सारखा ठेवणं कुणालाच जमत नाही, कारण अर्ध्या फेरीत पकड बदलावीच लागते. ढिलाई हाताने भरून काढायची नसते, ती भोकातच संपवायची.

त्यासाठी खिळा फेकून द्या. ५ मिमीचं चांगलं ड्रिल बिट घ्या, पट्टीतलं आणि कामातलं अशी दोन्ही भोकं त्याच बिटाने पाडा, आणि पिन म्हणून त्याच मापाच्या दुसऱ्या बिटाची गुळगुळीत दांडी वापरा. लाकडात ती घट्ट बसते, बोटाने फिरवली तर फिरते पण डुगडुगत नाही. एवढंच हवं. ड्रिल स्टँड असेल तर उत्तम, नसेल तर गुण्या शेजारी उभा ठेवून दोन बाजूंनी बघत भोक पाडा. भोक तिरकं गेलं तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात. कामाच्या तुकड्यात ८ ते १० मिमी खोल पुरे, आरपार नको.

पट्टीसाठीही प्लाय नको, निदान मध्याच्या भोकाजवळ तरी नको. इलेक्ट्रिकल मालाच्या दुकानात हायलम शीट (कडक, दाबून बनवलेली इन्सुलेशनची पाटी) मिळते, ५-६ मिमी जाडीची घ्या. ॲक्रिलिकही चालतं, फक्त स्क्रू फार आवळले तर त्याला चीर जाते. ट्रिमरच्या तळाची काळी प्लेट काढा, तिच्यावरून स्क्रूची भोकं हायलमवर उतरवा, आणि स्क्रूची डोकी खाली बसतील अशी खोलगट करून थेट ट्रिमरला जोडा. एकदा जोडली की काम संपेपर्यंत ट्रिमर काढायचा नाही. स्वस्त ट्रिमरमध्ये कोलेट, म्हणजे बिट आवळून धरणारी पकड, प्लेटच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. तो काढून फिरवून लावला तर त्रिज्या बदलते आणि आपण उगाच टेपपट्टीला दोष देत बसतो.

मापाचं गणित सोपं आहे, पण इथे बरेच जण अडखळतात. बाहेर पडणारा गोल तुम्हाला हवा असेल, तर पिनच्या मध्यापासून बिटाच्या आतल्या धारेपर्यंत त्रिज्या मोजायची. भोक हवं असेल, उदाहरणार्थ स्पीकरच्या बॅफलला (पेटीच्या पुढच्या फळीला), तर बाहेरच्या धारेपर्यंत. ६ मिमीच्या बिटाने यात गल्लत झाली तर व्यासात थेट १२ मिमीचा फरक पडतो. मोजताना प्लग काढा, बिट हाताने फिरवा आणि एक धार बरोबर पिनकडे तोंड करून आणा. स्टीलची पट्टी पिनच्या अलीकडच्या कडेला टेकवून धारेपर्यंत मोजा. तुमच्या ३०० त्रिज्येला ५ मिमीच्या पिनवर हे अंतर २९७.५ आलं पाहिजे, कारण पिनचा अर्धा भाग आपण मोजलेलाच नाही. नुसत्या टेपपट्टीने हे करू नका. तिचा पुढचा हुक हलता असतो.

तरीही पहिलं माप अंतिम समजू नका. टाकाऊ एमडीएफवर एक मिमी खोल फेरी घ्या आणि खाचेच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत दोन दिशांनी व्यास मोजा, एकमेकींना काटकोनात. दोन्हीकडे सारखाच पण चुकीचा आला तर त्रिज्या सुधारा. दोन्हीकडे वेगळा आला तर पिन अजून ढिली आहे, त्रिज्येला हात लावू नका. व्यासात २ मिमी चूक म्हणजे पिन १ मिमीच सरकवायची, हे उत्साहात विसरायला होतं. ज्यांना हे वारंवार करायचंय त्यांनी पिन एका छोट्या सरकत्या ठोकळ्यात बसवावी आणि ठोकळा एम६ च्या आटेदार सळीने पुढे-मागे करावा. एम६ चा आटा १ मिमीचा असतो, म्हणजे सळीचा एक वळसा त्रिज्येत १ आणि व्यासात २ मिमी. पाव वळशात व्यास अर्धा मिमी बदलतो, आणि सुतारकामात त्याहून बारीक कुणी मागत नाही. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, आणि एक सूत म्हणजे सव्वातीन मिमीला थोडं कमी, तेव्हा आपण चैनीतच आहोत.

आता कापणं. चांगली बाजू खाली ठेवा, म्हणजे मध्याचं भोक टीपॉयच्या पोटाकडे राहतं. ट्रिमर साधारण ५०० ते ७०० वॉटचा असतो, त्याच्याकडून एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खोली मागू नका. पहिली फेरी तर एकच मिमीची घ्या. तिने वरचं व्हीनिअर स्वच्छ कापलं जातं आणि पुढच्या फेऱ्यांत त्याचे तुकडे उडत नाहीत. प्लंज नसलेल्या ट्रिमरला सुरुवातीला बिट लाकडात घालायचं कसं हा प्रश्न येतो. तिथे खाचेच्या वाटेवर, गोलाच्या रेषेपासून जरा बाहेरच्या अंगाला, ८ मिमीचं भोक आधीच पाडून ठेवा. ते गोलाच्या कडेला लागता कामा नये. बिट त्या भोकात मोकळं फिरत असताना बटण चालू करा.

दिशा: वरून बघताना ट्रिमर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. बिट वरून बघताना काट्यांच्या दिशेने फिरतं, त्यामुळे पुढे सरकताना ते डावीकडे ओढतं, आणि उलट फेरीत डावीकडे मध्य असतो. म्हणजे ट्रिमर पिनकडे दाबला जातो, बाहेर पळत नाही, आणि गोलाची कड साफ कापली जाते. भोक हवं असेल तेव्हा मात्र काट्यांच्या दिशेने, कारण तेव्हा जपायची कड बाहेरच्या बाजूला असते. लक्षात ठेवायला एवढंच: जी कड ठेवायची ती ट्रिमरच्या डाव्या हाताला.

आता तो मुद्दा, जो फारसा कुणी सांगत नाही. पायरी फक्त सुरुवात-शेवटाला नसते, तर कडेच्या जाडीतही बारीक आडव्या रेषा दिसतात, नखाला लागतात. कारण दर फेरीला खोली वाढवताना आपण ट्रिमरचा क्लॅम्प (मोटर तळात आवळून धरणारी पकड) ढिला करतो, मोटर खाली सरकवतो, पुन्हा आवळतो. स्वस्त तळात मोटर प्रत्येक वेळी केसभर इकडे-तिकडे बसते. हातात चांगल्या दर्जाचा ट्रिमर असला तरी हे थोडं होतंच. उपाय असा: सगळ्या खोल फेऱ्या त्रिज्या पाऊण मिमी मोठी ठेवून घ्या. मग क्लॅम्प शेवटच्या खोलीवर एकदाच आवळा, पिन पाऊण मिमी बिटाकडे आणा आणि पूर्ण खोलीची एकच फेरी मारा. पाऊण मिमीच कापायचं असल्यामुळे ट्रिमर दमत नाही, आणि सगळी कड एकाच फेरीत तयार होते. त्यासाठी बिटाची धार निदान १९-२० मिमी लांब हवी, विकत घेताना बघून घ्या. ज्यांची पिन सरकती नाही त्यांनी पट्टीत पाऊण मिमीच्या फरकाने दुसरं भोक पाडायचं, पण पहिल्या भोकाला चिकटून नाही, तर थोडं बाजूला, नाहीतर दोन्ही भोकं एक होऊन बसतात.

आणि आरपार कापूच नका. पूर्ण सुटलेला गोल शेवटच्या चार बोटांत हलतो, बिट त्याला चावतं, आणि एवढ्या मेहनतीनंतर कडेला खड्डा पडतो. खाली दीड-दोन मिमी शिल्लक ठेवा. तो पापुद्रा जिगसॉने किंवा बारीक दातांच्या हातकरवतीने बाहेरच्या अंगाने कापा. मग गोल उलटा करा, चांगली बाजू वर, आणि टोकाला बेअरिंग असलेलं फ्लश ट्रिम बिट लावून राहिलेली किनार उडवा. बेअरिंग खालच्या तयार कडेवरून चालतं, वरचा उरलेला भाग तिच्या सपाटीत येतो. ट्रिमर मुळात माईकाची कड मारायलाच बनलेलं यंत्र आहे, हे काम तो डोळे मिटून करतो. वर माईका आधीच लावलेला असेल तर तोही याच फेरीत साफ होतो.

काळ्या डागांबद्दल. बहुतेक वेळा ट्रिमर पुढे सरकवण्याचा वेग कमी पडतो म्हणून जळतं. बिट मिनिटाला २५-३० हजार फेरे मारत असतं आणि आपण सावधपणे रांगत असतो. तुमच्या गोलाचा परीघ १८८५ मिमी आहे, एक फेरी साधारण मिनिटभरात झाली पाहिजे. मध्ये थांबायचं नाही, वायर अडकली म्हणून तर नाहीच. वायर आधीच वरून टांगून ठेवा. दुसरं कारण म्हणजे खाचेत साठलेला भुसा: दर फेरीनंतर तो ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा, नाहीतर बिट तोच भुसा पुन्हा पुन्हा दळत बसतं. तिसरं, एचएसएसचं, म्हणजे हायस्पीड स्टीलचं बिट. प्लायमधला गोंद त्याची धार बघता बघता खातो. कार्बाइडची धार असलेलंच घ्या.

कोलेटचं एक तपासा. आपल्याकडे ६ मिमी आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, अशा दोन्ही दांड्यांची बिटं एकाच दुकानात एकाच डब्यात पडलेली असतात. ६ मिमीचं बिट पाव इंची कोलेटमध्ये आवळलं तर आवळल्यासारखं वाटतं, पण चालू कामात ते हळूहळू खाली सरकतं आणि टेबलात घुसतं. बिट पूर्ण आत घालून दोन-तीन मिमी बाहेर ओढा आणि मग आवळा, तळाला टेकलेलं ठेवू नका.

वीज गेली तर ट्रिमर खाली ठेवण्याआधी बटण बंद करा. बऱ्याच ट्रिमरना वीज परत आल्यावर थांबून राहण्याची सोय नसते. भारनियमनाच्या गावात टेबलावर ठेवलेला ट्रिमर आपोआप सुरू होऊन चालू लागणं ही विनोदाची गोष्ट नाही. मास्क, चष्मा, कानाला काहीतरी, हे धरूनच चालतो. एमडीएफवर सराव करताना मास्क तर लावाच.

कडेला पट्टी लावणार असाल तर तिची जाडी व्यासातून दोनदा वजा करा. १ मिमीची टेप लावून ६०० हवा असेल तर गोल ५९८ चा कापायचा. आणि पुढे कधी सागाच्या फळ्या जोडून असाच गोल करायचं मनात आलं तर तो गोल राहणार नाही हे धरून चाला. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेने फुगतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. सपाट चिरलेल्या सागात ओलावा ४ टक्के बदलला तर ६०० मिमीत चार-साडेचार मिमीचा फरक पडू शकतो, म्हणजे उन्हाळ्यात कापलेला गोल पावसाळ्यात मोजला तर अंडाकृती निघेल. तो दोष जिगचा नसतो. प्लायमध्ये ही भानगड नाही, म्हणून पहिला टीपॉय प्लायचाच करताय ते बरं.

पिन बदलल्यावर आधी एमडीएफवर ती एक मिमीची फेरी घ्या आणि आडवा-उभा दोन्ही व्यास इथे लिहा, शक्य असेल तर पट्टीतल्या भोकाचा जवळून काढलेला फोटोही टाका. दोन व्यासांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर प्लायला अजून हात लावू नका.