बाईक नंतर, आधी ती पॉलिसी

पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३४, अंबडच्या कारखान्यात सीएनसी प्रोग्रामर, हातात पगार ८२ हजार. मुलगी पाच वर्षांची. तिच्या जन्मानंतर पत्नीने नोकरी सोडली. फ्लॅटचं कर्ज ३२ लाख बाकी आहे, हप्ता ३१ हजार. घरखर्च ३८ हजार, बँकेत शिल्लक १ लाख १० हजार. ते विचारतात:

‘हरसूल-पेठच्या बाजूला डोंगरवाटांवर ट्रेल रायडिंगसाठी टू-स्ट्रोक डर्ट बाईक घ्यायची आहे. दोन वापरलेल्या बघितल्या. केटीएम ३०० ईएक्ससी टीपीआय, २०१९ची, १८० तास चाललेली, साडेसहा लाख. दुसरी यामाहा वायझेड २५० एक्स, सव्वापाच लाख. मन केटीएमवर आहे. पॉलिसीवर २ लाख कर्ज मिळेल, बाकी साडेचार लाख पर्सनल लोन. एजंट म्हणतो पॉलिसी चालूच राहील, पैसे दुप्पट होणार आहेत. दोन वर्षांनी बाईक त्याच भावात जाईल. महिन्याला १३ हजार उरतात. कमी पडले तर वडिलांची आरएक्स १०० विकेन, ८० हजारांचं गिऱ्हाईक तयार आहे. कुठली घेऊ?’

सोबत त्यांनी पॉलिसीचं पहिलं पान जोडलं आहे. पत्रापेक्षा मी त्या पानावर जास्त थांबलो.

पॉलिसी फेब्रुवारी २०२२ची आहे. वर्षाला १ लाख २० हजार, असे १० हप्ते. विसाव्या वर्षी हमी रक्कम २४ लाख. मृत्यू झाला तर १२ लाख. तुम्ही लिहिता की गृहकर्ज मंजूर होताना बँकेतल्या माणसाने ‘ही घ्यावीच लागते’ असं सांगितलं. कर्जासाठी अशी बचतीची पॉलिसी घेणं कुठल्याही नियमाने सक्तीचं नाही. वर्षानुवर्षं हेच वाक्य ऐकतो आहे, आणि प्रत्येक वेळी ते अशाच माणसाला सांगितलेलं असतं ज्याला त्या दिवशी कर्जाची सही हवी असते.

‘दुप्पट’चा हिशोब करू. १२ लाख भराल, २४ मिळतील, इथवर एजंट खरं बोलतो. पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं तिथे अडकतो. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. सरकारी बचत योजना असलेला पीपीएफ ७.१ टक्के देतो. वीस वर्षांनी ते २४ लाख आजच्या किती रुपयांचे असतील, हे मुलीच्या शाळेची पाच वर्षांपूर्वीची फी आणि आजची फी शेजारी ठेवलीत तर मला सांगायची गरज पडणार नाही.

व्याज कमी आहे हे दुखणं किरकोळ. खरं दुखणं ते १२ लाख आहेत. घरात कमावणारे तुम्ही एकटे. उद्या तुम्ही नसलात तर १२ लाख येतील आणि ३२ लाखांचं कर्ज उभं असेल. पॉलिसी कर्जापोटी बँकेकडे तारण लिहून दिलेली असेल, तर ते १२ लाखही आधी बँकेचे. मग त्यावर दुसरं कर्ज काढण्याची गोष्टही तिथेच संपते. हे आज कागद काढून तपासा. वर्षाला सव्वा लाख विम्याला मोजूनही तुमचं घर जवळपास विम्याविना आहे. आणि अशा घरातला माणूस मला विचारतो आहे की ५० हॉर्सपॉवरच्या घरातली कुठली गाडी घेऊन दगडांवर चढू.

तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, दीड कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, साठीपर्यंत वर्षाला २०-२२ हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. ‘टर्ममध्ये परत काही मिळत नाही’ असं तुम्ही पत्रात कंसात लिहिलं आहे. परत मिळत नाही म्हणूनच तो २२ हजारांत मिळतो. प्रस्ताव अर्जात धोक्याच्या छंदांबद्दल विचारलं, तर ट्रेल रायडिंग करतो असं स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या. पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते, आणि तो वाद तुमच्या पत्नीला एकटीने घालावा लागेल.

मात्र ट्रेलवर मरणापेक्षा मोडण्याची शक्यता कितीतरी जास्त. मनगट, खांदा, गुडघा. प्रोग्रामरचं उजवं मनगट चार महिने प्लास्टरमध्ये गेलं तर हप्ता कोण भरणार? टर्म विमा यात एक रुपया देत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा लागतो, ज्यात कायमचं अपंगत्व आणि कामावर जाता न आल्याची साप्ताहिक भरपाई, दोन्ही असतील. ५० लाखांचा वर्षाला ७-८ हजारांत बघा, आणि ऑफ-रोड रायडिंग चालतं का हे कंपनीकडून लेखी घ्या, कारण बऱ्याच अपघात पॉलिसी साहसी खेळ वगळतात. आरोग्य विम्यात स्थिती थोडी बरी आहे. तिथल्या प्रमाणित वगळणीत धोक्याचे खेळ ‘व्यावसायिक म्हणून’ खेळण्याचा उल्लेख आहे, रविवारी छंद म्हणून जाण्याचा नाही. पण तुमच्याकडे कंपनीचा ३ लाखांचा गट विमा तेवढा आहे, तोही नोकरीबरोबर जाणार. तिघांचा १० लाखांचा स्वतःचा घ्या, २० हजार धरा.

आता त्या पॉलिसीचं काय करायचं. बहुतेक जण सांगतील, मोडा आणि सुटा. मी हिशोब मांडला आणि उत्तर वेगळं आलं. तुम्ही ४ हप्ते, म्हणजे ४ लाख ८० हजार भरले. आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर साधारण निम्मे, २ लाख ४० हजार हातात येतील. पण मोडण्याऐवजी पुढचे हप्ते बंद करून ती ‘पेड-अप’ केली, तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम शेवटी मिळते. २४ लाखांचे चार-दशांश ९ लाख ६० हजार होतात. मधली वार्षिक भर थांबते, म्हणून ८ धरू. आजचे २.४ सोळा वर्षांनी ८ होणार असतील तर तो पावणेआठ टक्क्यांचा भाव आहे, तोही हमीचा. तेच पीपीएफमध्ये ७.२ होतील. म्हणून मोडू नका, फक्त पुढे भरणं थांबवा. आणि उरलेले सहा हप्ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये गेले तर त्यांचेच १८ लाख होतात. १८ आणि ८, २६. सगळे हप्ते इमानाने भरून मिळणार होते २४.

क्रम मात्र चुकवू नका. पेड-अप केल्यावर मृत्यूनंतरची रक्कमही त्याच प्रमाणात घटते, १२चे पाच लाखांच्या आत. म्हणून आधी टर्मची वैद्यकीय तपासणी, पॉलिसी हातात, आणि त्यानंतरच हप्ता थांबवा. पुढचा हप्ता फेब्रुवारीत आहे. वेळ आहे, फार नाही.

‘१३ हजार उरतात’ हेही तपासू. ८२ वजा ३१ वजा ३८, बरोबर १३. पॉलिसीचा हप्ता वर्षातून एकदा जातो म्हणून तुम्ही तो धरलाच नाही. तो महिन्याला १० हजार. खरी शिल्लक ३ हजार. साडेचार लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२ हजार. पॉलिसीवरच्या कर्जाचं व्याज वेगळं.

आणि बाईक घेऊन खर्च संपत नाही. महिन्यातून दोन रविवार, पावसाळ्याचे काही सोडून, वर्षाला ८० तास धरले. पेट्रोल आणि टू-स्ट्रोक इंजिनाला लागणारं टू-टी ऑइल ३० हजार. टायर ३० हजार, कारण मोठ्या गट्ट्यांचे नॉबी टायर कातळावर फार दिवस टिकत नाहीत. या वर्गातल्या इंजिनाचं आयुष्य किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. पिस्टन-रिंगचं काम वर्षाकाठी येणार, २५ हजार. चेन, क्लच प्लेट, लिव्हर, फोर्क सील २० हजार. पिकअपचं भाडं ५० हजार. एकूण दीड लाखाच्या वर. पाच वर्षांत गाडी, हेल्मेट-बूट, चालवण्याचा खर्च आणि व्याज धरून, विकून ३ लाख परत आले तरी १३ लाख जातात. ४०० तास चालवलीत तर तासाला सव्वातीन हजार रुपये. ‘त्याच भावात विकली जाईल’ ही आशा सोडून द्या. १८० तासांची गाडी तुमच्याकडून ३४० तासांची होऊन बाहेर पडेल, आणि घेणारा पहिल्यांदा तोच मीटर बघेल.

पिकअप का, असं वाटेल. या दोन्ही गाड्यांची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. आरसी नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून वाहन विमा नाही. चोरीला गेली तर साडेसहा लाख गेले. नोंदणी झालेल्या गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाला १५ लाखांचं अपघात संरक्षण मिळतं, तेही इथे नाही. पाथर्डी फाट्यावरून गिरणाऱ्यापर्यंत ती चालवत नेणं बेकायदा आहे, आणि वाटेत कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून. विकणाऱ्याकडे आयातीचे कस्टमचे कागद नसतील तर किंमतसुद्धा विचारू नका.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही देतो, कारण तुम्ही अभ्यास मनापासून केला आहे. चालवायला केटीएम सरस. बटण-स्टार्ट, सहा गिअर, हेडलाइट, आणि ३००चा खालच्या फेऱ्यांमधला जोर. चढावर दगडाशी अडकलात तर क्लच न जाळता निघाल. वायझेडला फक्त किक आहे, आणि घळीत, सीट छातीच्या उंचीला आलेली असताना मारलेली किक कंबर मोडते. पण टीपीआयमध्ये, म्हणजे त्या केटीएममध्ये, इंधनाचं इंजेक्शन आणि ऑइल पंप आहेत, ते बिघडले तर सुटे भाग आणि जाणकार हात दोन्ही शोधत बसावं लागेल. उंचीवर कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, बदलावं लागतं, म्हणून इंजेक्शनच हवं, हा युक्तिवाद हिमालयात ठीक. नाशिक ६०० मीटरवर आहे आणि तुम्ही जाता ते डोंगर हिमालयाच्या उंचीच्या जवळपासही नाहीत. यामाहाला साधा कार्ब्युरेटर, पेट्रोलमध्ये ३०ला १ तेल हाताने मिसळायचं. आरएक्सची इंजिनं ज्यांनी आयुष्यभर उघडली असे मिस्त्री ते इंजिन समजू शकतात. पैसे हातात असते तर मी तुम्हाला यामाहा सुचवली असती, आणि वाचलेल्या सव्वा लाखात चांगले बूट, नेक ब्रेस आणि वर्षभराचे टायर.

पैसे हातात नाहीत. हप्ता थांबवल्यावर महिन्याचे १३ हजार खरोखर उरतील. तिन्ही विम्यांचे मिळून ४ हजार, आपत्कालीन निधीला ५, बाईकसाठी ४. तीन वर्षांत निधी ३ लाखांजवळ जाईल, बाईकच्या डब्यात सव्वा ते दीड लाख असतील. दिवाळीचा बोनस तुम्ही लिहिलेला नाही, मिळत असेल तर मुदत कमी होईल. निधी भरला की ते ५ पीपीएफकडे वळवा. बाईकच्या पैशांत नोंदणी झालेली वापरलेली हिरोची एक्सपल्स येते. फोर-स्ट्रोक आहे, जड आहे, टू-स्ट्रोकसारखी उसळी तिला नाही, मला ठाऊक आहे. पण ती घरून निघून पेठपर्यंत स्वतः जाते, विम्यासकट. दोन मोसम तिच्यावर घासलेत की तुम्हाला खरोखर ३००ची गरज आहे का, हे तुमचं तुम्हालाच कळेल. अंजनेरीचा डोंगर रायडिंगच्या यादीत असेल तर मात्र काढून टाका. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथल्या पठारावर चाक नेऊ नका. इतर ठिकाणीही वनखात्याची हद्द आधी विचारा.

वडिलांची आरएक्स विकू नका. तुमच्या हिशोबात ८० हजारांनी काही सुटत नाही, आणि घरात टू-स्ट्रोक आधीच उभी आहे, नंबरासकट. तिच्या आरसीची मुदत संपलेली असेल तर आरटीओत नूतनीकरण करून घ्या.

पेड-अप केल्यावर शेवटी नेमकी किती रक्कम मिळेल, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा. एजंटकडून नको, कंपनीच्या शाखेतून. तो आकडा ७ लाखांच्या खाली असेल तर मला पुन्हा लिहा, तेव्हा सरेंडरचा हिशोब नव्याने मांडू.