सैनिकांच्या आठवणी वाचून लष्करी इतिहास खरंच कळतो का? त्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

कळतो, आणि कधीकधी जाडजूड इतिहासग्रंथांपेक्षा चांगला कळतो. अट एवढीच, की एक पुस्तक वाचून थांबायचं नाही. तुम्ही म्हणताय की सनावळ्या आणि बाणांनी भरलेले नकाशे आले की पुस्तक अर्ध्यावर सुटतं, म्हणून थेट सैनिकांची आत्मकथनं वाचावीशी वाटतात, पण त्यांच्या खरेपणाची शंका येते. शंका रास्त आहे. ती सोबत घेऊनच वाचा, वाचनाची निम्मी रंगत तिच्यामुळेच येते.

आठवणींत असं काय मिळतं जे इतरत्र मिळत नाही? पॅसिफिकमधलं पेलेलिऊ बेट घ्या. सप्टेंबर 1944 मध्ये अमेरिकन मरीन तिथे उतरले, तेव्हा त्यांच्या डिव्हिजनच्या, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीच्या, सेनापतीला वाटत होतं की काम काही दिवसांत उरकेल. लढाई दोन महिन्यांहून जास्त चालली आणि त्या एका डिव्हिजनचेच साडेसहा हजार जण मेले किंवा जखमी झाले. जपान्यांनी या वेळी किनाऱ्यावर न लढता आतल्या गुहांमधून लढायचं ठरवलं होतं, हे त्याचं मोठं कारण. इथपर्यंत कुठलाही इतिहास सांगेल. यूजीन स्लेज तिथे मॉर्टरवर (छोट्या उखळी तोफेवर) असलेला साधा सैनिक होता. रोजनिशी ठेवायला मनाई होती, म्हणून तो खिशातल्या बायबलच्या ‘नव्या करारा’त नोंदी लपवून ठेवायचा. त्यांवरून त्याने लिहिलेलं ‘विथ द ओल्ड ब्रीड’ 1981 मध्ये आलं. बेट प्रवाळाच्या खडकाचं, त्यामुळे आडोशाला खड्डा खणता येत नाही, प्रेतं पुरता येत नाहीत, विष्ठाही पुरता येत नाही. पाणी येतं ते तेलाच्या पिंपांतून, आणि ते प्यायल्यावर पोटात कळा येतात. ‘लढाई लांबली’ हे शब्द वाचताना यातलं काहीच डोळ्यांसमोर येत नाही.

विश्वासाबद्दल माझा ठोकताळा असा: लेखक स्वतः जिथे होता तिथलं त्याने जे पाहिलं, ऐकलं, सोसलं, ते मी बहुतेक मान्य करतो. शेजारच्या टेकडीवर काय चाललं होतं हे तो सांगू लागला की सावध होतो. शत्रूच्या मनात काय होतं हे सांगू लागला, तर ते पान कादंबरीचं समजून उलटतो. तारखा आणि आकडे मात्र प्रत्येकाचेच दुसरीकडे ताडून घ्यावे लागतात. गी साजेरचं ‘द फरगॉटन सोल्जर’ (1967) हे दुसऱ्या महायुद्धात पूर्व आघाडीवर, म्हणजे रशियाविरुद्ध, जर्मनांकडून लढल्याचं कथन आहे. त्यात ‘ग्रोसडॉइचलांड’ डिव्हिजनच्या नावाची पट्टी डाव्या बाहीवर असल्याचं लिहिलंय. ती असायची उजव्या बाहीवर. अशा चुकांवरून काहींनी त्याला तोतया ठरवलं, तर काहींनी सगळं पोटात घातलं. मला हे दोन्ही टोकाचं वाटतं. वीसेक वर्षांनी माणूस बाही विसरू शकतो. पण ज्याला बाही आठवत नाही, त्याच्या भरवशावर डिव्हिजनच्या हालचालींचा तपशील कोणी लावू नये.

खरा कस लागतो तो एकच लढाई वेगवेगळ्या हुद्द्यांवरून वाचताना. त्यासाठी भारत-चीन युद्धातल्या, ऑक्टोबर 1962 मधल्या, तवांगजवळच्या नामका चू नदीकाठच्या लढाईसारखं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. तिथली आपली 7 ब्रिगेड 20 ऑक्टोबरला चिनी हल्ल्यात उद्ध्वस्त झाली. तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी चिन्यांच्या हाती सापडले, पुढच्या मे महिन्यात सुटून आले, आणि 1969 मध्ये त्यांचं ‘हिमालयन ब्लंडर’ प्रसिद्ध झालं. त्यांच्या वरचे, डिव्हिजनचे सेनापती निरंजन प्रसाद, यांनी ‘द फॉल ऑफ तोवांग’ लिहिलं. त्यांच्याही वरचे, कोअरचे सेनापती बी. एम. कौल, यांचं ‘द अनटोल्ड स्टोरी’ दळवींच्या आधी, 1967 मध्येच आलं होतं. दिल्लीच्या मुख्यालयात लष्करी कारवायांचे संचालक असलेले डी. के. पलित यांचं ‘वॉर इन हाय हिमालय’ 1991 चं. म्हणजे एकाच पराभवाचे चार मजले, आणि प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून दिसणारं दृश्य निराळं.

जवानांकडे थंडीचे कपडे नव्हते, दारूगोळा आणि रसद तुटपुंजी होती, याबद्दल दळवी आणि कौल यांच्यात वाद नाही. एकमेकांवर दोष ढकलणारे दोन साक्षीदार जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती पक्की समजायला हरकत नाही. फाटा फुटतो तो जबाबदारीपाशी. समोरच्या उंचीवरून चिन्यांना सगळं दिसत असताना नदीकाठची ती जागा धरून ठेवायचा हट्ट कोणाचा? दळवींचा रोख वरच्यांवर आहे आणि त्यांत कौल अग्रभागी आहेत. कौल साधनांच्या टंचाईकडे आणि राजकीय नेतृत्वाकडे बोट दाखवतात. ते पुढे जाऊन आले होते, 10 ऑक्टोबरची नदीपलीकडच्या त्सेंगजाँगची चकमक त्यांनी पाहिली होती. पण मुख्य हल्ल्याच्या दिवशी ते आजारी होऊन दिल्लीत होते. दळवींच्या पानापानांत संताप आहे. त्यामुळे काही वाचक त्यांचे गुण कापतात. मी कापत नाही, कारण आपली ब्रिगेड डोळ्यांदेखत गेलेल्या अधिकाऱ्याला काय वाटलं, हाही पुरावाच आहे. आणि या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नसल्यामुळे अशा पुस्तकांचं वजन आपोआप वाढतं.

वाचताना आणखी एक विचारत जा: हा माणूस कोणाला उत्तर देतोय? मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश तुकडीतला बर्नाल दियास म्हातारपणी लिहायला बसला, त्यामागे गोमारा नावाच्या इतिहासकारावरचा रागही होता. गोमाराने अमेरिकेत पाऊलही न टाकता सगळं श्रेय मोहिमेचा नेता कोर्तेस याच्या पदरात टाकलं होतं. दियास मग सोबत्यांची नावं सांगतो, इतकंच काय, मोहिमेतल्या 16 घोड्यांचे रंग आणि खोडीही सांगतो. तिथे मी होतो, गोमारा नव्हता, हे त्याला ठसवायचंय. मॅनस्टाइनसारखे जर्मन सेनापती उत्तर देत होते ते स्वतःवरच्या आरोपांना. त्यांच्या आठवणींत चुका बहुतेक हिटलरच्या असतात आणि आघाडीमागच्या कत्तलींवर फारसा शब्द नसतो. मॅनस्टाइनला तर युद्धगुन्ह्यांसाठी शिक्षा झाली होती.

नामका चूच्या त्या चार पुस्तकांत साध्या जवानाचं एकही नाही, आणि ही उणीव बहुतेक युद्धांत आहे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा आवाज पोचलाच, तर मधल्या कोणाच्या तरी हातून. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी सैनिकांपैकी अनेकांची पत्रं दुसऱ्याने लिहून दिलेली असत, मग ती सेन्सॉर वाचे, आणि त्याने इंग्रजीत उतरवून ठेवलेले उतारे आज आपल्याला मिळतात. सैनिकांनाही हे ठाऊक होतं. एकाने घरी कळवलं की काळी मिरी संपलीय, आता लाल वापरतात. काळी म्हणजे हिंदी सैनिक, लाल म्हणजे गोरे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सुभेदार सीताराम यांची आत्मकथा 1873 मध्ये इंग्रजी भाषांतर म्हणून छापली गेली, पण मूळ हस्तलिखित मिळालेलं नाही, त्यामुळे ती कितपत अस्सल यावर अजून वाद आहे. गोडसे भटजी काही सैनिक नव्हते, पण त्यांच्या ‘माझा प्रवास’चंही तेच. 1907 च्या छापील पुस्तकावर संपादकाचा हात फिरला होता, मूळ मजकूर 1966 मध्ये छापून आला.

सुरुवात दळवींपासून करा. पुस्तक संपलं की मत बनवायच्या आत कौल वाचा. पलित सर्वांत शेवटी, कारण नदीकाठ ओळखीचा झाल्याशिवाय दिल्लीतल्या बैठकांत जीव रमत नाही. नकाशांचा तुम्हाला कंटाळा आहे हे कळलं, पण नामका चूचा एक तरी शेजारी उघडा ठेवा. तिथले पूल नुसत्या क्रमांकांनी ओळखले जात, आणि तीन नंबरचा कुठे, चार नंबरचा कुठे हे माहीत नसेल तर दळवींची कितीतरी पानं डोक्यावरून जातील.